ज्याचं नाव, त्याची निगा

उगवती सेवा क्लबचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा पडद्यावर दाखवून झाला. टाळ्या झाल्या. बटाटेवड्यांच्या बशा फिरू लागल्या, आणि मागच्या रांगेतून हौसाबाई घरतांनी विचारलं, "सगला झाला. आन पेटी?"

ज्यांच्या तोंडात वडा होता त्यांची सोय झाली. अध्यक्ष कमळाकर पाटलांचा वडा अजून बशीत होता, म्हणून त्यांना बोलावं लागलं. "वहिनी, आज चांगला दिवस आहे. तो विषय आज कशाला?"

"घर पडतंय माजा. गनपती झाले की बिल्डरला चावी द्यायची हाय. मंग तिला ठेवू कुठं, डोक्यावर?"

कोणीतरी हसलं. कमळाकर हसले नाहीत. त्यांनी वडा उचलला.

पेटी म्हणजे शवपेटी. विजेवर चालणारी, वर काचेचं झाकण, खाली चाकं. पनवेलमध्ये आता घरोघरी म्हातारी माणसं आणि त्यांची मुलं कॅनडात, दुबईत, नाहीतर बंगळुरात. मुलगा विमान पकडून येईपर्यंत आईला किंवा बापाला घरातच, हॉलच्या मधोमध, या पेटीत ठेवायचं. क्लब ती फुकट देई. क्लब देई म्हणजे हौसाबाई देत. पेटी त्यांच्या पनवेलच्या तक्का भागातल्या घराच्या पडवीत असे, फोन त्यांना येई, टेम्पो त्या बोलावत. पेटीबरोबर जाड पिनेच्या प्लगची वायर जाई आणि "झाकन सारखा उघडू नका, गार जातो" ही सूचना जाई. पेटी परत आली की त्या ती फिनेलच्या पाण्याने पुसत, फडक्याने कोरडी करत आणि झाकणाखाली लाकडाचा तुकडा सारून जरा उघडी ठेवत; नाहीतर आत वास कोंडतो.

क्लबकडे बाकीही पुष्कळ होतं. तळ्याकाठची बाकडी, बसस्टँडजवळचा पाण्याचा कूलर, व्हीलचेअर, कुबड्या, सभागृहातले पंखे. प्रत्येकावर नाव होतं. कूलरवर कमळाकरांच्या वडिलांचं, बाकड्यांवर कोणाकोणाच्या आईचं, पंख्यांच्या पात्यांवर एका सराफाच्या तीन पिढ्यांचं. पंखा चालू असला की ती तिन्ही नावं एक होऊन फिरत. चहाच्या थर्मासवरसुद्धा 'कै. सुमतीबाई यांच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहिलेलं होतं. आराखडा करणाऱ्या शैलेश गुप्तेने नेमकं हेच हेरलं होतं. शैलेश पंचेचाळिशीचा, कंपन्यांना सल्ला देणारा, क्लबातला सगळ्यांत तरुण मेंबर. त्याच्यानंतर कोणी तरुण आलाच नव्हता. बाकीच्यांपैकी निम्म्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या.

"आपली मुलं क्लबात येणार नाहीत, हे आधी अ‍ॅक्सेप्ट करू," तो म्हणाला होता. "पण आजोबांच्या नावावर कावळ्याने घाण केलेली कुठल्याच मुलाला चालत नाही. तेव्हा ज्याचं नाव, त्याची निगा. वस्तू क्लबची, जबाबदारी फॅमिलीची. पंचवीस वर्षं काय, पन्नास वर्षं सिस्टिम चालेल."

सगळ्यांना ते इतकं पटलं की काहींनी तिथेच अजून एकेक पंखा जाहीर केला.

पेटीवर मात्र नाव नव्हतं. ती घेतली तेव्हा वर्गणी सगळ्यांनी दिली, पण नाव टाकायची वेळ आली तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. जिवंत माणसाचं नाव शवपेटीवर कोण घालणार? आणि गेलेल्याचं घालावं तर घरच्या बायका म्हणणार, आमच्या सासऱ्यांना काय सारखं मढ्यांबरोबर फिरवताय? लोकार्पणाला बोलावलेल्या पाहुण्याला त्या दिवशी अचानक ताप आला. नारळ फुटला नाही, फीत कापली नाही, फोटो निघाला नाही. टेम्पो क्लबच्या दारात उभा राहिला, कोणी पेटी उतरवून घेईना, तेव्हा हौसाबाई टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "चल रं शिवा, माज्याकरं."

त्यांना तरी तिची एवढी काय पडली होती, तर त्याला कारण होतं. हौसाबाई जासईच्या. लहानपण मिठागरात गेलेलं. टाचांना पडलेल्या चिरा अजून बुजलेल्या नाहीत. लग्न होऊन तक्क्याला आल्या त्या दयाराम घरताच्या घरात. दयारामाची शेती सरकारने घेतली, पैसे आले, हाताला काम उरलं नाही. मग तो गावातल्या शिकलेल्या लोकांबरोबर क्लब काढून बसला. कोट शिवला, टाय बांधायला शिकला, रक्तदानाच्या शिबिरात केळी वाटू लागला. माणूस खुशीत होता. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मुलगा हितेश तेव्हा मालवाहू जहाजावर होता. तो उतरून घरी येईपर्यंत दोन दिवस लागणार होते. शिवा टेम्पोवाल्याने करंज्याच्या बंदरावरून बर्फाच्या लाद्या आणल्या. माशांसाठीचा बर्फ तो. वितळेल तसं घरभर पाणी, आणि त्या पाण्याला बोंबलांचा वास. बायका ओचे खोचून बादल्यांनी पाणी उपसत होत्या. हितेश आला, त्याने चादर बाजूला केली, आणि म्हणाला, "हे बाबा नाहीत." खरंच ते तोंड दयारामाचं राहिलं नव्हतं. दहावं होईपर्यंत हितेश बापाविषयी अक्षर बोलला नाही.

नवऱ्याच्या जागी क्लबने हौसाबाईंना मेंबर करून घेतलं, सहानुभूती म्हणून. पहिल्याच मीटिंगला त्यांनी पेटी मागितली. त्यानंतर त्यांनी क्लबकडे काही मागितलं नाही, आणि क्लबनेही त्यांना काही विचारलं नाही.

पेटी सांभाळणाऱ्या बाईचं आयुष्य कसं असतं हे कोमलला विचारावं. कोमल त्यांची सून, उरणची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने पेटीवर फुलाफुलांची चादर घातली, पुढे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली, आणि आलेल्या माहेरच्यांना "जुना डीप फ्रीज आहे" असं सांगितलं. तिच्या धाकट्या भावाने मग त्यात थंड प्यायला काही आहे का म्हणून झाकण उचललं. तेव्हापासून तिची आई या घरी मुक्कामाला राहिली नाही.

हौसाबाईंचा नंबर अर्ध्या पनवेलच्या फोनात 'पेटीवाल्या काकी' या नावाने होता. नातवाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला त्यांनी फोन केले तेव्हा निम्म्या लोकांनी उचललेच नाहीत. आगरी घरातली हळद म्हणजे रात्रभर गाणी, नाच; तिथे त्यांना मानाने खुर्ची मिळे, ताट आग्रहाने येई, पण नवरीला हळद लावायला बाकीच्या विधवांना बोलावत, त्यांना तेवढी हाक कोणी मारत नसे. त्यांच्या हे लक्षात येत नसे असं नाही. "मी हात धुतलंय गो," असं त्या एकदा एका जावेला म्हणाल्या होत्या. जाऊ म्हणाली, "तसा नाय हौसे, तसा काय नाय," आणि हळदीची वाटी दुसऱ्या हातात घेतली.

आता घर बिल्डरला दिलं होतं. नवी इमारत होईपर्यंत आणि बहुधा नंतरही राहायचं ते रोडपालीला, अकराव्या मजल्यावर, हितेशने घेतलेल्या फ्लॅटमध्ये. पेटीला कोणीतरी घ्यायला हवं होतं. पेटी आणि फोन दोन्ही. आराखड्यात तिची सोय लागली की आपण मोकळ्या, एवढीच हौसाबाईंची इच्छा होती.

त्या कमळाकरांच्या गोदामावर गेल्या. कळंबोलीला त्यांचं टाइल्सचं भलंमोठं गोदाम.

"एक कोपरा द्या, भावोजी."

"कोपरा कुठलाही घ्या, वहिनी. पण गिऱ्हाईक सकाळी बोहनीला येतं. नव्या घराच्या लाद्या बघायला आलेला माणूस, आणि समोर ही? वास्तुशांतीच्या आधीच धडकी भरायची त्याला."

"तुमच्या भावाच्या टायमाला तुमीच नेली होती."

"म्हणून तर म्हणतो, फार चांगली वस्तू आहे," कमळाकर म्हणाले आणि चहा मागवला.

मग त्या शैलेशकडे गेल्या. त्याने लॅपटॉप उघडला, मान हलवली. "काकू, प्रॉब्लेम समजतोय. पण माझ्या शीटमध्ये एन्ट्री डोनरच्या नावावरून होते. पेटीचा डोनरच नाही. आता नाव नाही म्हणजे कोण सांभाळणार तो कॉलम ब्लँक. ब्लँक असला की आयटम येतच नाही."

"म्हंजे नाव पायजे?"

"नाव असतं तर प्रश्नच नव्हता."

हे वाक्य हौसाबाई घरी घेऊन आल्या. रात्री भाकरी थापता थापता त्यांनी हितेशला सांगितलं, "तुज्या बाबाचा नाव टाकू पेटीवर."

हितेश आता जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. दिवसभर ओरडून आलेला माणूस घरी हळू बोलतो. तो हळूच म्हणाला, "नाही."

"अरं, तुज्याचसाठी आनली मी ती. तुला तोंड बघायला नाय भेटला धड."

"म्हणूनच नाही. लोक काय म्हणतील माहितीये? घरतांच्या पेटीत ठेवलंय. दयाराम घरतात ठेवलंय. प्रत्येक मयताला बाबांचं नाव ऐकायचंय मला?"

कोमल कोशिंबिरीला फोडणी देत होती. ती म्हणाली, "थर्मासवर टाका की बाबांचं नाव. पंख्यावर टाका. सगळ्या घाणीवर आपलंच नाव कशाला?"

"घान नाय ती," हौसाबाई म्हणाल्या. "रोज पुसतंय मी."

"तेच तर म्हणते मी, आई."

तिघांनी जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई गाड्यांवर रेडियमची अक्षरं चिकटवणाऱ्या दुकानात गेल्या. मुलाने विचारलं, कै. का सौ.? त्या म्हणाल्या, श्रीमती. 'श्रीमती हौसा दयाराम घरत यांजकडून.' पिवळ्या अक्षरांची ती पट्टी त्यांनी स्वतः पेटीच्या डोक्याच्या बाजूला चिकटवली, बुडबुडे राहिले ते नखाने काढले. संध्याकाळी कोमलने ते पाहिलं आणि किंचाळायची तेवढी राहिली. "आई, जिवंतपणी? हे वाचून मला कसंतरी होतंय."

"मना काय नाय होत. मी रोज तिच्याकरं बघतंय, ती माज्याकरं."

हितेशने वाचलं. त्या रात्री त्याने आईच्या हातचा चहा घेतला नाही, एवढंच.

हौसाबाईंचा हिशेब सरळ होता. शैलेश म्हणाला नाव हवं, नाव झालं. आता पेटी आराखड्यात येईल, क्लब तिला जागा देईल. घरतांच्या घरात कोणी कधी नियमाची दुसरी बाजू वाचली नव्हती. सरकारने शेती घेतली तेव्हाही नाही.

पुढच्या मीटिंगला शैलेशने पडदा लावला आणि म्हणाला, "एक गुड न्यूज. काकूंनी आपला मोठा गॅप भरला आहे." पडद्यावर ओळ आली. वस्तू, शवपेटी. देणगीदार, श्रीमती हौसा घरत. निगा, घरत कुटुंब. मुदत, २०५०.

टाळ्या जोरात वाजल्या. इतक्या जोरात पंख्यांनाही वाजल्या नव्हत्या. शेजारच्या बाईंनी हौसाबाईंचा हात दाबला आणि मग आपला पदराला पुसला.

हौसाबाई उभ्या राहिल्या. "नाय, नाय. मी नाव देला तो तुमी तिला घ्यावा म्हनून. मी चालले रोडपालीला. तिकडं लिफ्टमदी जात नाय ती."

"वहिनी," कमळाकर समजुतीच्या सुरात म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या वडिलांच्या नावाचा कूलर मी क्लबच्या गळ्यात घालतो का? बिघडला तर मीच माणूस आणतो. तुम्ही स्वतःहून नाव दिलंत. एवढं मोठं मन कोणी दाखवलं नव्हतं."

"मंग नाव काढतंय मी."

"काकू, दिलेलं दान परत?" मागून कोणीतरी म्हणालं. आवाजात थट्टा नव्हती; खरोखर वाईट वाटल्यासारखा आवाज होता. हौसाबाई खाली बसल्या. पुढचा विषय रौप्यमहोत्सवाच्या जेवणाचा होता, त्यात मोदक की जिलेबी यावर बराच वेळ गेला.

रोडपालीच्या सोसायटीत हितेशने विचारून पाहिलं. आईसाठी विचारलं की नकार मिळावा म्हणून विचारलं, कोण जाणे. सेक्रेटरी म्हणाला, पार्किंगमध्ये सायकली ठेवायला जागा नाही, आणि मुलं खाली खेळतात. गणपती बसले, उठले. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन चावीचं विचारून गेला. सामान बांधून झालं, पडवीत एकटी पेटी राहिली, तेव्हा हितेशनेच प्रितमला फोन केला.

प्रितमच्या दोन खाजगी अ‍ॅम्ब्युलन्स होत्या, हॉस्पिटलांच्या दारात उभ्या असायच्या. तो आला, पेटीभोवती फिरला, कॉम्प्रेसर लावून कान देऊन ऐकलं. "काकी, कंडिशन एक नंबर ठेवलीय."

"गरिबाला फुकट द्यायची," हौसाबाई म्हणाल्या. "असा कबूल असंल तं ने."

"बघू ना काकी. माणूस बघून करू आपण."

"मानूस बघून नको. मेलेल्यात काय बघायचा असतो?"

प्रितम हसला, "तुम्ही पण ना," म्हणाला. त्याची दोन माणसं पेटी उचलू लागली. एकाने खिशातून ब्लेड काढून रेडियमची पट्टी खरवडली. अक्षरं सोलून जमिनीवर पडली. जायच्या आधी तिथे प्रितमचं नाव आणि मोबाइल नंबर चिकटलासुद्धा, त्याच्याकडे स्टिकर तयारच होते. त्याला जिवंतपणी नाव लावायची भीती वाटली नाही. धंदा होता तो.

रौप्यमहोत्सव झाला. आराखड्याची गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघाली आणि तिच्यात पेटी घरत कुटुंबाच्या नावावरच राहिली. पेटी कुठे आहे हे क्लबात कोणी विचारलं नाही, आणि हौसाबाई मीटिंगला जायच्या थांबल्या हेही उशिराच लक्षात आलं. अकराव्या मजल्यावर त्यांना दिवस मोठा वाटे. कोमल मात्र मोकळी झाली. तिची आई चार दिवस राहून गेली, जाताना सगळ्यांसाठी शेवेचे लाडू करून गेली.

फोन येतच होते. हौसाबाई प्रितमचा नंबर सांगत. "फुकट आहे ना?" असं कोणी विचारलं की म्हणत, "त्यालाच इचारा."

दिवाळीनंतर एका सकाळी फोन आला तो शिवाचा. टेम्पोवाला शिवा. इतकी वर्षं त्याने पेटी डिझेलच्या पैशावर ने-आण केली होती. कधी कधी तेही घेतले नव्हते.

"काकी, आई गेली. दिपिका मस्कतवरनं निघतेय, परवा पोचंल. पेटी पायजे."

भीमाबाई, शिवाची आई. दिपिका तिची लेक; मस्कतला कोणाच्या तरी घरी पोरं सांभाळायची. हौसाबाईंनी प्रितमला स्वतः फोन लावला. "तो शिवा हाय, प्रितम. त्यानंच वाहिली पेटी इतकी वरसं."

"काकी, डिपॉझिट तरी लागेलच. आणि दर दिवसाचं वेगळं. आज एकाला सोडलं की उद्या सगळा गाव येईल."

शिवाने प्रितमकडून आकडा ऐकला आणि फोन ठेवला. हौसाबाईंनी हितेशकडे पैसे मागितले. तो यार्डात होता, मीटिंगमध्ये, म्हणाला संध्याकाळी बघतो. त्यांनी कमळाकरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. बर्फ आणू का, असं त्यांनी शिवाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "नको. दयारामकाकांना आईनं बघितलेला तवा. मला बर्फावर टाकू नको रं, असा मना बोललेली ती." आणि दुपारी तिरडी बांधली. हितेश पैसे घेऊन आला आणि हौसाबाईंना घेऊन शिवाकडे पोचला तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती.

दिपिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हौसाबाई पुन्हा कळंबोलीला शिवाकडे गेल्या. एका खोलीचं घर, कोपऱ्यात दिवा, खाली पीठ पसरलेलं ताट. दिपिका भिंतीला टेकून बसली होती, कपडे अजून प्रवासातलेच. हौसाबाईंना बघून ती रडली नाही. तिने फोन पुढे केला. शिवाच्या कोणा मित्राने तिरडीवरचा फोटो काढून पाठवला होता. हात हललेला, त्यामुळे चेहरा पुसट. अर्ध्या कपाळावर हार आणि तोंडात ठेवलेली तुळस.

दिपिका दोन बोटांनी चेहरा मोठा करत होती. मोठा केला की तो आणखी पुसट होई.

"काकी, सुजली होती का ती? का फोटोच असा आलाय? तुमी शेवटी बघितली ना तिला?"

हौसाबाईंनी फोन हातात घेतला, जरा लांब धरला, चष्मा सारखा केला. मग परत दिला.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "मी पोचले तवा नेली होती."

दिपिका पुन्हा फोनकडे बघायला लागली.